जुगाड म्हणू नका

मागच्या हिवाळ्यात जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्याला मी माझी प्रीमियर पद्मिनी घेऊन गेलो होतो. परीक्षक आले, बॉनेट उघडायला लावलं, कागद मागितले. आरसीवर इंजिन बदलल्याची नोंद आहे, ती त्यांनी वाचली. मीही काही लपवलं नाही. ब्लॉक मुंबईच्या एका टॅक्सीचा, क्रँक तिसऱ्याच गाडीचा, हेड आमच्या मूळ इंजिनाचं, चार रॉडपैकी दोन आमचे नि दोन टॅक्सीचे, अल्टरनेटर मारुती ८००चा, असं सगळं सांगून टाकलं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “वा! म्हणजे अस्सल भारतीय जुगाड!” आणि ‘मूळपणा’च्या रकान्यात शून्य लिहून पुढच्या गाडीकडे गेले.

शून्याचं मला फारसं काही वाटलं नाही. पाठीवरची थाप मात्र अजून उतरलेली नाही.

हा लेख त्या थापेबद्दल आहे. गेली काही वर्षं आपल्याकडे ‘जुगाड’ या शब्दाला फार चांगले दिवस आलेत. मुळात उत्तरेत पाणी उपसायच्या डिझेल इंजिनावर फळ्या नि चाकं ठोकून केलेल्या गाडीचं हे नाव. पुढे व्यवस्थापनशास्त्रवाल्यांनी ते उचललं. २०१२ साली तर ‘जुगाड इनोव्हेशन’ नावाचं पुस्तकच आलं आणि भारतीय माणूस अडचणीतून कशी झटपट वाट काढतो याचे गोडवे परदेशी सभागृहांतून गायले जाऊ लागले. मराठी वृत्तपत्रांनीही हा शब्द मुकाट्याने आत घेतला. आता सायकलला मोटर लावणारा मुलगा जुगाडू, बुलेटच्या इंजिनावर शेतीचं अवजार चालवणारा शेतकरी जुगाडू आणि चार इंजिनांतून एक इंजिन उभं करणारा मिस्त्रीही जुगाडूच. सगळ्यांना एकच शाबासकी. मला ती शाबासकी म्हणजे सरळ सरळ अपमान वाटतो. का वाटतो, ते सांगण्यासाठी मला इंजिन उघडावं लागेल. वाचणाऱ्यांनी हात थोडे काळे करून घ्यायची तयारी ठेवावी.

आमची गाडी वडिलांची. चार वर्षांपूर्वी घाट चढताना इंजिन ठोकायला लागलं. खालून, खोलातून येणारा तो टक-टक आवाज ज्याने एकदा ऐकलाय तो विसरत नाही. रॉडचं बेअरिंग गेलं होतं. इंजिन कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींकडे उघडलं तेव्हा कारण कळलं. त्याआधीच्या एका गॅरेजने हाफ इंजिनचं काम केलं होतं, आणि ते करताना दोन रॉडच्या कॅपा एकमेकांत बदलल्या होत्या. कनेक्टिंग रॉड आणि त्याची खालची कॅप या दोन तुकड्यांमधलं भोक कारखान्यात दोन्ही एकत्र बोल्टने आवळून, एकाच वेळी कातलेलं असतं. म्हणून प्रत्येक जोडीवर नंबर ठोकलेला असतो. एकाची कॅप दुसऱ्याला लावली तर ती बसते. बोल्टही आवळले जातात. पण ते भोक गोल राहत नाही. केसाच्या जाडीहून कमी फरक असतो, तेलाचा पापुद्रा तेवढ्यात तुटतो, आणि काही हजार किलोमीटरनंतर माणूस घाटात उभा राहतो.

आता गंमत बघा. त्या गॅरेजने एकही परका भाग वापरला नव्हता. सगळं मूळचं, याच इंजिनातलं. परीक्षकांच्या कागदावर त्या इंजिनाला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

क्रँकला इतक्या खोल चऱ्या पडल्या होत्या की घासून पुढच्या मापाला नेणंही शक्य नव्हतं. ब्लॉक तर आधीच चाळीस थाऊ मोठा बोअर केलेला. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. कारखाने कधीचे मेट्रिक झाले, पण उद्यमनगरात माणसं अजून थाऊ आणि सूत यांतच विचार करतात, आणि माझ्या मते स्पष्ट विचार करतात.) नवीन इंजिन मिळणं शक्य नव्हतं. गाडीचं उत्पादन बंद होऊन वीस वर्षं उलटली होती. मिस्त्री म्हणाले, “दुसरं इंजिन बघा भंगारात. पूर्ण चांगलं मिळायचं न्हाई. पर अर्धं-अर्धं मिळालं तरी चालतंय.”

मुंबईत पद्मिनीच्या टॅक्सींचा शेवट तेव्हा जवळ आलाच होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली, वीस वर्षांची मुदत २०२३च्या ऑक्टोबरअखेर संपली. त्या आठवड्यात वृत्तपत्रांनी काळ्या-पिवळ्या आठवणींचे रकानेच्या रकाने छापले. छतावरचं कॅरिअर, स्टिअरिंगवरचा गिअर, पावसातला प्रवास, सगळं आलं. त्या इंजिनांचं पुढे काय होतं, हे मात्र कुणी विचारलं नाही. माझ्या ब्लॉकपुरतं उत्तर मला ठाऊक आहे. तो कुर्ल्याच्या भंगारबाजारातून एका टेम्पोत, कांद्याच्या रिकाम्या पोत्यांखाली कोल्हापूरला आला.

टॅक्सी सीएनजीवर चाललेली होती. गॅस कोरडा जळतो, त्यामुळे व्हॉल्व्हच्या सीट खाली बसतात. हिच्या तर खूपच बसल्या होत्या आणि दोन व्हॉल्व्हच्या मधे हेडला तडा. म्हणजे तिचं हेड बाद. पण ब्लॉकच्या तळाची तिन्ही मेन बेअरिंगची घरं एका रेषेत, सुतात. ती मापून झाल्यावर मिस्त्रींनी पहिलं काम केलं ते म्हणजे त्या ब्लॉकच्या तिन्ही मेन कॅपा तारेने त्याच ब्लॉकला बांधून ठेवल्या. आमच्या इंजिनाच्या कॅपा दिसायला हुबेहूब होत्या, जास्त स्वच्छ होत्या. त्यांनी त्या दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवल्या, चुकून हाताला लागू नयेत म्हणून.

इथे मी माझी अक्कल चालवली, तीही सांगायला हवी. पद्मिनीचा बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. तुम्हीच गुणून पाहा, चार सिलिंडरचे १०८९ सीसी येतात. आणि मारुती ८००चा बोअर किती? ६८.५. मला रात्री झोप येईना. टॅक्सीचा ब्लॉक वीस थाऊ मोठा कातला की साडेअडुसष्टच होणार! मारुतीचे पिस्टन गल्लोगल्ली मिळतात, स्वस्त आहेत, हलके आहेत. सकाळी जाऊन मी दोन सेट घेऊनच आलो. दोन कशाला? मारुतीला तीन सिलिंडर, पद्मिनीला चार. दोन पिस्टन उरतील, उरू देत.

मिस्त्रींनी एक पिस्टन हातात घेतला, उलटा केला, व्हर्निअरने दोन मापं घेतली. गजन पिन बारीक. पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या डोक्यापर्यंतची उंची निराळी. म्हणजे रॉडच्या वरच्या टोकाला जाड बुश बसवायचं, पुन्हा ते रीम करायचं, आणि एवढं करूनही पिस्टन वर आल्यावर ब्लॉकच्या तोंडाशी नको त्या ठिकाणी थांबणार. त्यांनी तो माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, “बसतंय. पर जुळत न्हाई.”

सर्व वादाचं मूळ माझ्या मते या दोन क्रियापदांत आहे. बसणं वेगळं आणि जुळणं वेगळं. भोकात गेलं, आटे धरले, पहिल्या किकला इंजिन सुरू झालं, की ‘बसलं’. सासरी नांदणं निराळं, तसं जुळणं निराळं. ते तापल्यावर कळतं, चार हजार फेऱ्यांवर कळतं, दोन पावसाळ्यांनंतर कळतं. मराठीत पत्रिका जुळते, सूर जुळतो, हिशेब जुळतो. या तिन्हीत ताडून पाहणं आहे. जुगाड या शब्दात ताडून पाहणं नाहीच. त्यात वेळ मारून नेणं आहे. मारुतीचे पिस्टन घेऊन नाचणारा मी जुगाडू होतो. मिस्त्री नव्हते.

शेवटी टॅक्सीच्या ब्लॉकमध्ये लायनर ठोकून बोअर पुन्हा ६८वर आणला, स्टँडर्ड मापाचे पिस्टन शोधून काढले. क्रँक मिळाला तो साताऱ्याकडच्या एका गाडीचा, जिचा ब्लॉक फुटला होता. तो वीस थाऊ खाली घासला. आमच्या रॉडपैकी दोन निळे पडलेले, म्हणजे तापून गेलेले. म्हणून दोन आमचे आणि दोन टॅक्सीचे, अर्थात प्रत्येक आपापल्या कॅपेसकट. आता हे चार रॉड वजनाला सारखे हवेत. नुसते एकूण वजनाला नाही. मोठं टोक निराळं तोलायचं, लहान टोक निराळं, कारण मोठं टोक गोल फिरतं आणि लहान टोक खालीवर होतं. मिस्त्रींचा काटा नेमका बिघडलेला. मग आम्ही दोघं गुजरीत गेलो, सराफाकडे. सोन्याच्या काट्यावर पंच्याने पुसलेले चार कनेक्टिंग रॉड. सराफ आधी हसला, मग त्यालाच रस वाटायला लागला. सगळ्यांत जड आणि सगळ्यांत हलका यांच्यात अकरा ग्रॅमचा फरक निघाला. तीन दिवस जड रॉडच्या ठरावीक जागेवरून कानसेने नि घोट्याने धातू काढत, पुन्हा गुजरीत, पुन्हा कानस, असं करत फरक एका ग्रॅमच्या आत आणला. कारखान्यात तरी याहून काय वेगळं करतात?

हेडचं प्रकरण मला सगळ्यांत आवडतं. आमचं हेड आधी दोनदा फेस केलेलं होतं. म्हणजे रंधा मारून तळ सपाट करताना दर वेळी थोडा धातू गेला आणि त्यातल्या चार वाट्या उथळ झाल्या. किती उथळ? मिस्त्रींनी प्लास्टिकची सपाट पट्टी ग्रीसने चिकटवली, तिला एक बारीक भोक, आणि औषधाच्या दुकानातल्या इंजेक्शनच्या सिरिंजने आत रॉकेल भरलं. गास्केटची जागा धरून ३६ सीसी. एका सिलिंडरचं आकारमान २७२. आता २७२ अधिक ३६ भागिले ३६, म्हणजे साडेआठला एक. त्यांना हवं होतं पावणेआठच्या आसपास, त्यासाठी वाटी ४० सीसीची लागते. दोन वाटा होत्या. एक, जास्त जाड तांब्याचं गास्केट घालायचं. दोन, वाटीतूनच चार-चार सीसी धातू काढायचा, चारी वाट्यांतून अगदी सारखा. जाड गास्केट हा सोपा उपाय. त्यांनी दुसरा निवडला आणि प्रत्येक वाटी सिरिंजने सहा-सात वेळा मोजली. हा माणूस नववी नापास आहे, हे मी मुद्दाम सांगणार नव्हतो, कारण असं सांगितलं की लगेच ‘बघा, शिक्षण नसूनही!’ असं कौतुक सुरू होतं. पण सांगतोच. त्यांचं शिक्षण झालेलंच आहे. ते उद्यमनगरात झालं आणि त्याला प्रमाणपत्र नाही, इतकंच.

तर या कामाला जुगाड म्हणणाऱ्याला मी विचारतो: यातला कोणता भाग झटपट होता? कोणता अंदाजाने झाला?

आणि ‘मूळपणा’चं काय? पद्मिनीच्या मालकांना हा शब्द तोंडावर फेकायचा असेल तर जरा इतिहास पाहायला हवा. पद्मिनी म्हणजे फियाट ११०० डी. इटलीत त्या गाडीत १२२१ सीसीचं इंजिन होतं, बोअर ७२, स्ट्रोक तोच ७५. कुर्ल्याच्या कारखान्यात त्याच अंगात आधीचं १०८९चं इंजिन बसत राहिलं. म्हणजे ज्या जोडीला मेळाव्यात ‘अस्सल’ म्हणून पूजतात, ती जोडीच मुळात दोन मॉडेलांची मिसळ आहे. मी तिला नावं ठेवत नाही, उत्तम जुळली होती ती. पण मग माझ्या मिसळीला शून्य का?

याहून मोठे मासले आहेत. १९८५ साली मद्रासहून स्टँडर्ड २००० नावाची गाडी आली. तिचं अंग रोव्हर एसडी१चं. ही गाडी १९७६ सालची, १९७७ची युरोपातली सर्वोत्तम गाडी ठरलेली, साडेतीन लिटरच्या व्ही-८ इंजिनासाठी नावाजलेली. तिच्यात आपल्याकडे घातलं काय? दुसऱ्या महायुद्धानंतरच्या स्टँडर्ड व्हॅनगार्डचं १९९१ सीसीचं इंजिन, ८३ बाय ९२. त्याच घराण्याचं इंजिन फर्ग्युसन ट्रॅक्टरमध्येही होतं. राजपुत्राच्या अंगरख्यात नांगरट्या. बसलं, पण जुळलं नाही. तीन-चार वर्षांत गाडीच बंद पडली. कॉन्टेसाचं तेच. अंग व्हॉक्सहॉल व्हिक्टरचं, आत ॲम्बॅसडरचं १४८९ सीसीचं जुनं इंजिन, आणि एवढं धूड ओढताना त्याची दमछाक. नंतर तिच्यात इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं तेव्हा कुठे गाडीत जीव आला. प्रीमियर ११८एनई घ्या, अंग फियाट १२४चं, इंजिन निसानचं ए-१२. यांतल्या एकाही गाडीला कुणी जुगाड म्हटलं नाही. त्यांच्यासाठी ‘तंत्रसहकार्य’ हा शब्द होता. उद्घाटनं झाली, पानभर जाहिराती आल्या. हीच गोष्ट टिनाच्या शेडमध्ये केली की तिचं नाव बदलतं. टाय घातलेल्या माणसाने न जुळणारं जुळवलं आणि ते फसलं, तरी तो उद्योगपती. तेलकट बनियनमधल्याने जुळवलं आणि ते चाललं, तरी जुगाडू.

चांगली उदाहरणंही कारखान्यांचीच आहेत, नाकारत नाही. पश्चिम महाराष्ट्रात एक पिढी ज्या वडापच्या जीपमधून बाजाराला, कॉलेजला, दवाखान्यात गेली, त्यांतल्या कित्येक जीपचं अंग अमेरिकन युद्धगाडीच्या वंशातलं आणि इंजिन फ्रेंच पूजो डिझेल होतं. मागे पाय बाहेर लोंबकळणारी माणसं घेऊन ते लग्न वर्षानुवर्षं टिकलं. त्या जीपला कुणी मूळपणाचे गुण विचारले नाहीत. आणि हवानात तर पन्नाशीतल्या अमेरिकन गाड्या रशियन इंजिनांवर पळवणाऱ्या माणसांचे फोटो काढायला जगभरचे लोक जातात. लांबचा मिस्त्री कलावंत दिसतो.

महाभारतातली जरासंधाची गोष्ट इथे मला नेहमी आठवते. दोन आयांच्या पोटी अर्धा-अर्धा जन्मलेला, टाकून दिलेला पोर. जरा नावाच्या राक्षसिणीने ते दोन तुकडे जोडले, म्हणून तो जरासंध. बाप मगधाचा राजा, पण पोराला नाव मिळालं ते सांधणारीचं. आपल्या परंपरेत एवढी कबुली तरी होती. आता आपण इंजिन सांधणाऱ्याच्या कामाला परप्रांतातल्या एका गाडीचं नाव देतो आणि त्यातच मोठेपणा मानतो. लिहिणारे आम्ही लोकही कमी नाही. शेतकऱ्याच्या अवजारांचे शब्द आम्ही कोशात गोळा केले, सुताराचे केले. ‘बेअरिंग खरवडून बसवणं’, ‘हेड फेस करणं’, ‘टोक तोलणं’ हे शब्द शंभरेक वर्षं मराठी तोंडांत आहेत, पण कामगारावर कथा लिहिताना आम्हाला दिसतो तो फक्त त्याचा घाम.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं. ते मला माहीत आहे, आणि त्यातलं बरंचसं बरोबर आहे. जीपमध्ये मॅटाडोरचं डिझेल इंजिन घालून, माउंटिंग वेल्डिंगने चिकटवून, ब्रेक मात्र जुनेच ठेवून घाटात उतरणारे लोक मी पाहिलेत. अशा गाडीत मी माझ्या मुलाला बसवणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडक केला, की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येणार नाही. उद्देश सुरक्षेचा आहे. त्या उद्देशाशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते तपासण्याच्या रीतीशी. आपली व्यवस्था नंबर तपासते, माप तपासत नाही. ब्रिटनमध्ये २०२५पर्यंत गाडीत मोठे बदल केले तर तिची जुनी ओळख टिकते की नाही हे गुणांवर ठरवायची पद्धत घालून दिलेली होती. चासी किंवा सांगाड्याला पाच गुण. सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्सची यंत्रणा आणि स्टिअरिंग यांना दोन-दोन. इंजिनाला किती? एक. चौदापैकी आठ गुण मिळाले की गाडीचा जुना नंबर राहायचा. तिथल्या लोकांना इंजिन क्षुल्लक वाटतं असं नाही. इंजिन ही झिजणारी, बदलणारी वस्तू आहे, हे त्यांनी कागदावर मान्य केलं होतं. जर्मनीत तर एकट्या गाडीची वेगळी तपासणी करून, बदल पाहून, मोजून मंजुरी देण्याची सोय आहे. म्हणजे तुमच्या मिस्त्रीने काम नीट केलं असेल तर ते सिद्ध करायची खिडकी उघडी आहे. आपल्याकडे ती खिडकीच नाही. मग जो कॅपा अदलाबदल करतो तो आणि जो गुजरीत जाऊन रॉड तोलतो तो, दोघंही सारखेच. किंबहुना पहिला जास्त कायदेशीर, कारण त्याने नंबराला हात लावलेला नाही!

त्यात २०२१मध्ये वाहने मोडीत काढण्याचं धोरण आलं. एप्रिल २०२२पासून पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीच्या पुनर्नोंदणीचं शुल्क सहाशेवरून पाच हजार झालं. धूर कमी व्हायला हवा, मान्य. पण मोडीत निघालेल्या गाडीतला सुस्थितीतला क्रँक दुसऱ्या गाडीत गेला तर तो धूर करत नाही. उलट तेल खाणारं, निळा धूर सोडणारं इंजिन घट्ट करायला तोच लागतो. शेवटच्या टप्प्यातल्या गाड्यांचं एकमेकींना अवयव देणं हा प्रदूषणाचा प्रश्न नाही, उपायातला एक भाग आहे. आणि हा उपाय करू शकणारी माणसं संपत चालली आहेत. नव्या गाड्यांत बोअर मोठा करायची सोय पुष्कळदा ठेवलेलीच नसते. मोठ्या मापाचे पिस्टन कंपनी देत नाही, अर्धं इंजिन तयार खोक्यात येतं आणि जुनं भंगारात जातं. २०२२ साली केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात मोटारींचाही समावेश केला, संकेतस्थळही काढलं. छान झालं. पण दुरुस्तीचा हक्क ग्राहकाला देऊन दुरुस्त करणारा कुठून आणणार? आमच्या मिस्त्रींच्या शेजारचं क्रँक घासायचं मशीन गेल्या दिवाळीत विकलं गेलं. किलोच्या भावाने.

आमचं इंजिन जुळवून झाल्यावरची एक गोष्ट राहिली. ब्लॉक बदलला म्हणजे इंजिन नंबर बदलला, त्याची नोंद करणं भाग होतं. टॅक्सीचे कागद, भंगारवाल्याची पावती, प्रतिज्ञापत्र, सगळं घेऊन मी तपासणीला गाडी नेली. मिस्त्री हौसेने सोबत आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांच्या खिशात एक वही होती. तीत चारी बोअरची मापं, क्रँकच्या प्रत्येक जर्नलचं माप, बेअरिंगमधली फट, रॉडची वजनं आणि वाट्यांचे सीसी त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून आणले होते. तपासणारे साहेब आले. त्यांनी ब्लॉकवरचा नंबर पुसला, त्यावर कागदाची पट्टी ठेवली, पेन्सिल आडवी घासून ठसा घेतला, ठसा अर्जाला टाचणीने लावला.

मिस्त्री पुढे झाले. “साहेब, चालू करून दावू का? आवाज ऐका की एकदा.”

“नको, नको,” साहेब म्हणाले, “नंबर आला नीट.”

मिस्त्रींनी वही खिशात परत ठेवली. येताना गाडी त्यांनीच चालवली, रेडिओ बंद ठेवून. मारुतीचे सहा पिस्टन दुकानदाराने परत घेतले नाहीत. त्यातला एक मी हा लेख लिहितोय त्या टेबलावर आहे, त्यात पेनं राहतात. बसतात छान.